चकाकी उतरलेली भिंत

खोटं कशाला बोलू, त्या गुरुवारी मी अल्लाहवर रुसलो होतो. कोळशाच्या खाणीत उभी हयात काढून निवृत्त झालो आणि माजरीच्या आमच्या लहानशा मशिदीची झाडलोट मागून घेतली. बायको गेल्यावर सकाळी उठायला तेवढंच कारण उरलं होतं. नमाजाला आम्ही जिच्याकडे तोंड करतो ती भिंत पांढऱ्या संगमरवराची. बाहेरच्या काळ्या धुळीतून आत आलं की डोळे निवायचे. पण आमच्याकडे सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी करडा होतो, तिथे भिंत काय सुटणार? जुम्मा उद्यावर आलेला. घरची फरशी धुतो तसं मी भिंतीवर अ‍ॅसिड मारलं.

फेस आला तसा मी खूश. पाणी मारून बघतो तर काय, मधोमध चकाकी उडून हे मोठे चट्टे! आता ही सेवा जाणार. एकच काम मागितलं होतं, तेही माझ्याच हातून नासवलंस? असं अल्लाहला म्हणत तिथेच रडलो.

"भाऊ, पाणी भेटन का प्याले?" दारात एक अनोळखी माणूस. फरशी घासायचं यंत्र गाडीला बांधून कोरपन्याला कामावर निघालेला. पाणी पिता पिता त्याने भिंत पाहिली.

"अ‍ॅसिड काऊन टाकलं जी? संगमरवर जळते त्यानं."

"आता?"

"आता ते चमक परत आणाचं सामान माह्यापाशी नाई. सगळ्याच भिंतीची उतरवतो, मंग एकसारखी दिसन. पण तुमच्या मोठ्यायले विचारा पहिले."

ते विचारणंच जड होतं. मौलाना साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घासू द्या." तो माणूस संध्याकाळपर्यंत खपला, चहाशिवाय काही घेतलं नाही, "जय भीम" म्हणून निघून गेला. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

जुम्म्याला अंगणातल्या उन्हाचं तेज आत आलं. एरवी ते भिंतीवरून उसळून डोळ्यांत जायचं. त्या दिवशी दगडातच मुरलं, आणि सगळी खोली मऊ उजळली. एक कबूल करतो. नमाजात नजर खाली ठेवायची, पण माझी चोरून वर जायची. चकाकीत स्वतःची टोपी दिसायची, दाढी दिसायची, आणि मनात यायचं, ही सफाई माझी. त्या दिवशी वर पाहिलं तर मी नव्हतोच. नुसतं पांढरं. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं तो उठवेना.

बाहेर मौलाना म्हणाले, "चाचा, उद्या सकाळी या. पण नुसतं पाणी, बरं का!" मला हसू आणि रडू एकदमच आलं.

शुक्र आहे, मालका. भिंतीतून मला पुसलंस, दारातून काढलं नाहीस.