गजाला कान लावणारा

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत रस्त्याखाली पाण्याचा पाइप फुटला, की महापालिकेचा गळती शोधणारा येतो. लोखंडी गज रस्त्यावर उभा धरतो, वरच्या टोकाला उजवा कान लावून डोळे मिटतो आणि सांगतो, ‘‘इथंच हाय.’’ मग तिथं खोदतात. तीनदा खोदलं तर दोनदा कोरडी माती निघते. त्याचा चेहरा ढळत नाही. ‘‘म्हंजे पलीकडं हाय,’’ म्हणत तो दोन पावलं सरकतो. त्या कानानं त्याला कमी ऐकू येतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

परवा आमच्या दारासमोर खोदलं, तिथंही कोरडी माती निघाली; मग तो हात धुवायला आमच्या घरात आला. अर्धांगाच्या झटक्यापासून आई खाटेवर पडून आहे, बोलत नाही. तिला संस्थेत ठेवावं असं धाकट्या भावाचं म्हणणं. ‘‘तिला कुठं काय कळतंय,’’ तो तिच्या उशाशी उभा राहून मला सांगत होता. मीही आवाज चढवला होता.

हात पुसता पुसता हा आईजवळ उकिडवा बसला. बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.

‘‘काय वाटतं तुम्हाला? कळत असेल?’’ मी उगाच विचारलं.

‘‘नाय सांगता येत.’’

हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. दारात चप्पल घालताना तो म्हणाला, ‘‘पण दादा, भांडायचं तर बाहीर भांडा.’’

त्यानं चुकीच्या जागी खोदायला लावलेला खड्डा अजून बुजवलेला नाही. आम्ही दोघं भाऊ आता त्याच्या काठावर उभे राहून भांडतो, हळू आवाजात.