अप्पांनी मागितलेलं डुकराचं सुकं

"वत ते गटारीत. माझ्यासमोर वत."

घरमालकीण दारात उभी होती, पदर नाकाला लावून. मी तिला काकू म्हणायचे. माझ्या हातात पातेलं, त्यात डुकराचं सुकं. आत माझे वडील, अप्पा, ताट पुढ्यात घेऊन बसलेले. पहिला घास तोंडात होता. तो त्यांना ना गिळता येईना, ना थुंकता येईना.

आम्ही वडार. अप्पांनी जन्मभर खाणीवर दगड फोडले. धूळ छातीत बसली. जेवण जाईना झालं म्हणून कुरुंदवाडजवळच्या आमच्या वस्तीवरून त्यांना कोल्हापुरात आणलं, माझ्या भाड्याच्या खोलीत. मी एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला आहे. खोली घेताना काकूंनी आडनाव विचारलं होतं. आडनाव असं की कुणाचंही असावं. त्यावरून त्यांनी त्यांना हवी ती जात धरली. मी गप्प राहिले. ती माझी चूक.

दोन आठवडे अप्पा पेजेवर होते. त्या रविवारी म्हणाले, "बाय, वाईच डुकराचं कर की. तुझी आई करायची तसलं."

तसंच केलं. चामडीसकट तुकडे. मीठ, हळद, आलं-लसूण चोळून तासभर मुरवले. तेलाचा थेंब नाही. मंद आचेवर चरबी आपली आपण सुटते, तिच्यातच मांस परतत राहायचं. शेवटी कांदा-लसूण चटणी. तुकड्यांच्या कडा खरपूस झाल्या की उतरवायचं. अप्पा भिंतीला टेकून वास घेत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना भुकेलेलं बघितलं.

खिडकी मी लावून घेतली होती. तरी वास खाली गेला. काकूंच्यात दर रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा व्हायचा, एक वाटी मलाही यायची. मटणाचा त्यांना विटाळ नव्हता. विटाळ आमचा होता.

"कसलं हाय ते?" काकूंनी वर येऊन विचारलं. मी खरं सांगितलं.

"घाण खाणारी माणसं तुम्ही. आणि माझ्या भांड्यातनं वाटी दिली की गं तुला."

अप्पा भिंत धरून उठले. हात जोडले. "चुकलं बाईसाहेब. पोरीचं काय न्हाय. म्याच मागितलं. तिला घालवू नगा."

सत्तरीचा माझा बाप. एका घासासाठी माफी मागत होता.

आणि मी ओतलं. कुणी माझा हात धरून ओतायला लावलं नव्हतं. जिना उतरले, पातेलं गटारीत पालथं केलं. वर आले तर अप्पांनी आपलं ताट माझ्यापुढं सरकवलं. "ह्ये बी टाक."

खोली तेवढी राहिली. त्यानंतर अप्पांनी काही मागितलं नाही. मी म्हटलं, मैत्रिणीकडं करून आणते. "नगो बाय. त्वांड कडू झालंय." महिन्याभरात गेले. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं. असेल. त्या दिवशी काकूंना जे बोलायला हवं होतं ते मी रोज मनात बोलते. ऐकायला अप्पा नाहीत.

त्यांचं दिवसकार्य उरकून खोलीवर परतले. पहिल्याच रविवारी परत डुकराचं मटण आणलं. शिजवलं. दार सताड उघडं ठेवलं. काकू आल्या.

"परत?"

"व्हय."

"टाक ते आधी."

"न्हाय टाकणार."

"मग खोली खाली कर."

"करते. जेवून."

जेवले. घास उतरत नव्हता. ठसका लागत होता, डोळे वाहत होते. तरी सगळं जेवले. संध्याकाळी सामान रिक्षात टाकलं.

आता मैत्रिणीकडं राहते, घर शोधते. दलाल म्हणतो, "ताई, शाकाहारी हाय म्हणून सांगा की, लगेच मिळंल." मी दारातच सांगते, आम्ही वडार, माझ्या घरात डुकराचं शिजतं. दारं बंद होतात. होऊ देत. अप्पांना याचा आता काही उपयोग नाही, ते मला कळतं. पण लपून राहावं लागेल त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. आणि माझ्या जेवणासाठी कुणापुढं हात जोडणार नाही.