प्रभारीची सही

चार वर्षं मी तालुक्याची आरोग्य अधिकारी होते, आणि चारही वर्षं दारावरच्या पाटीवर माझ्या हुद्द्याआधी 'प्रभारी' लिहिलेलं होतं. म्हणजे काम सगळं करायचं, बोलणी सगळी खायची, आणि जागा मात्र आपली नाही. शिवाय माझा मूळ दवाखाना होताच. सकाळी तिथं रुग्ण, दुपारी तालुक्याच्या बैठका. कायम करण्याची यादी निघणार होती, म्हणून मी निमूट राबत होते.

त्या आठवड्यात पानशेतच्या वरच्या अंगाला, धनगरांच्या एका वस्तीवर कावीळ असल्याचं कळलं. कळवलं कुणी? औषधाच्या दुकानदारानं! गोळ्या घ्यायला खाली उतरलेल्या माणसाचे डोळे पाहून त्यानं फोन केला. मी वरच्या साहेबांना सांगितलं.

"मॅडम, यादी तोंडावर आलीये," ते म्हणाले. "या आठवड्याचा अहवाल निरंक जाऊ द्या. पुढचं पुढं बघू."

निरंक म्हणजे रुग्ण शून्य. मी फोन ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

जीप थांबली तिथून तासभर चढ होता. वस्तीवर अकरा जण पिवळे पडले होते. पाण्याचा झरा एकच, आणि त्याच्याच वरच्या उतारावर माणसं शौचाला बसत. मी तपासत असताना एक म्हातारी समोर येऊन बसली.

"बाई, मागल्या साली माजी सून ह्याच दुखण्यात गेली. पोटुशी व्हती. ती तुमच्या कागदावर कुठं लिवलीय?"

कुठंच नव्हती. त्या भागातल्या आरोग्य सेविकेची जागा रिकामी, म्हणून वर कुणी जात नव्हतं, आणि कुणी गेलं नाही की आमच्याकडे निरंक लिहितात. मागच्या वर्षीच्या त्या कागदांवर सही माझीच होती. मला तिच्याकडे बघवेना.

खाली येऊन मी अकरा रुग्ण आणि मागच्या वर्षीचा एक मृत्यू असं स्वच्छ लिहून पाठवलं. तिसऱ्या दिवशी हातात कारणे दाखवा नोटीस! उद्रेक वेळेत का कळवला नाही, असं मलाच विचारलं होतं. खाली सही त्याच साहेबांची. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

उत्तरात मी साहेब फोनवर काय म्हणाले ते लिहिलं, रिकामी जागा लिहिली, आणि त्याआधीच्या चार वर्षांत मी स्वतः त्या वस्तीवर एकदाही गेले नव्हते, हेही लिहिलं. कार्यालयातले सगळे म्हणाले, शेवटचं वाक्य काढा. मी काढलं नाही. साहेबांना तेवढंच पुरलं.

यादीत माझं नाव आलं नाही, प्रभारही गेला; तालुक्याच्या अहवालावर आता सही दुसऱ्याची असते. तेही मी गिळलं. पण सेविकेची जागा अजून कुणी भरलेली नाही, आणि परवा माझ्या दवाखान्यात म्हातारीचा निरोप आला: "बाई, आनखी दोघी पिवळ्या पडल्यात. एक पोटुशी हाय. अवंदा तरी लिवा."