आईच्या हळदीच्या गाण्यांची सीडी

धाकट्या भावाने त्याच्या लग्नातली, आईने म्हटलेली हळदीची गाणी घरच्या ग्रुपवर टाकली आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? आई आता नाही, त्यामुळे मावश्या ऐकून रडल्या. मामा म्हणाला, धाकट्याच्या लग्नात ती जीव ओतून गायली. म्हणजे माझ्या लग्नात काय पाट्या टाकल्या? भाऊ वाणगावला मिरची लावतो. मिरच्या त्याच्या शेतात, झोंबल्या मात्र मला.

माझ्या लग्नाचीही सीडी होती. ती काँप्युटरवर उतरवायला घेतली. बाकीची गाणी आली, पण मला हळद लावतानाचं नेमकं अर्ध्यावर अडकलं. भावाचा फोन आला. त्याची सीडी म्हणे एका दमात उतरली, माझीही तो काढून देणार होता. मी नको म्हटलं.

सॉफ्टवेअरमध्ये वाचायचा वेग कमी केला, चुका दुरुस्त करण्याचा पर्याय लावला. ड्राइव्ह नुसता घरघरला. सालवडच्या मित्राकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, तिथेही तेच. शेवटी सीडी उजेडात धरली, तर चकचकीत बाजूवर तांबडे डाग. आई गेल्यापासून दर दसऱ्याला मी माझ्या कामाच्या पान्या-पकडींशेजारी ही सीडीही पूजेत मांडायचो. चकचकीत बाजू वर छान दिसते म्हणून कुंकू तिच्यावरच लावायचो. धाकट्याने पूजा सोडा, त्याची सीडी इतकी वर्षं कव्हरबाहेरही काढली नसेल, आणि तीच धडधाकट! दैव देतं नि कर्म नेतं, दुसरं काय.

गोल पुसू नकोस, मधून कडेकडे सरळ पूस, असं मित्राने बजावलं होतं. ओल्या मऊ फडक्याने तशी पुसली, वाळू दिली, वेग अगदी कमी ठेवला. गाणं अख्खं उतरलं.

बायकोला शेजारी बसवून लावलं. माझं नाव गुंफत आई खणखणीत गात होती. मी बायकोकडे ऐटीत बघितलं. तेवढ्यात आई गाता गाता थांबली.

"धाकटा जेवला काय? बगा कोनी. उपाशी नीज नाय येत त्याला."

आणि पुन्हा माझी हळद सुरू.

बायको म्हणाली, तेवढंच कापा, सॉफ्टवेअरमध्ये कापता येतं की. कापून ऐकलं. आई मध्येच दचकल्यासारखी वाटली, म्हणून होतं तसंच ठेवलं.

ग्रुपवर मात्र अजून टाकलेलं नाही. टाकलं तर धाकटा रडेल, आणि सगळे त्यालाच फोन करतील.