बाबांचा तंबू कुठे लावायचा?

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला एकदा तंबूत झोपायचंय."

मला वाटलं, टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल. पण ते गंभीर होते. बाहत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासलेला, गुडघ्यांनी बेजार. शाळेत असताना त्यांच्या वर्गाचं शिबिर निघालं तेव्हा यांना नेमका गोवर आला आणि सगळी पोरं गेली, हे घरी राहिले. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते, पण हसत हसत सांगितलेली. त्यात कुठे हळहळ असेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि आई गेल्यापासून दीड वर्षात "मला अमुक हवंय" असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. मी तिथेच बसून फोनवर तंबू शोधायला लागले.

चौथ्या दिवशी तंबू आला. भडक केशरी. भाईंदरला गोडदेवातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल तो केवढा! सोफा उभा करून भिंतीला टेकवला, टीपॉय बेडरूममध्ये ढकललं आणि आम्ही दोघं त्या लवचिक काठ्यांशी झटापट करायला लागलो. तंबू उभा राहिला तेव्हा भिंतीला टेकायला चार बोटं उरली होती. बाबा लगेच रांगत आत शिरले. इतक्यात समोरच्या गुजराती काकी वाटी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अरे अंकल, घर में ही पिकनिक?"

"रिहर्सल चालू है," आतून आवाज आला.

आता प्रश्न एवढाच होता, की हा लावायचा कुठे. मला वाटलं होतं हे सोपं आहे. जंगल, तलाव, समुद्र, तीन प्रकार; फोटो बघायचे आणि ठरवायचं. बाबांनी मात्र चष्मा लावून एकेक जाहिरात प्रूफासारखी वाचायला घेतली. "'निसर्गच्या कुशीत.' 'निसर्गाच्या' हवं. जो काना विसरतो तो आपलं प्यायचं पाणी भरायला विसरणार नाही कशावरून? कट." अशी एका संध्याकाळी त्यांनी सात ठिकाणं उडवली. उरली दोन. ती प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असं ठरलं.

पहिल्या रविवारी रिक्षा करून हायवे ओलांडला, काशीगावच्या पुढे. जंगलाला लागून एकाची शेतजमीन होती, तिथे त्याने तंबूंची सोय केली होती. रिक्षातून उतरलो आणि मी वेडीच झाले. घरापासून अर्ध्या तासावर एवढी झाडं! पायाखाली सागाची वाळलेली पानं कुरकुरत होती आणि कुठलातरी पक्षी एकच शीळ पुन्हा पुन्हा घालत होता.

"बिबट्या येतो का हो?" बाबांनी मालकाला विचारलं, आणि त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आशा होती.

"येतो ना. पण तो त्याच्या कामाने येतो, त्याच्या कामाने जातो."

बाबांचे डोळे चमकले. मग मालकाने अभिमानाने दोन भलेमोठे स्पीकर दाखवले. "गाणी पाहिजे तेवढी वाजवा, काका. आपल्याकडे कसलंच बंधन नाही." तंबूही इतके खेटून, की एकाच्या दोऱ्या दुसऱ्याच्या दारात. बाबा "छान, छान" म्हणाले आणि मला कोपराने हळूच ढोसलं.

पुढच्या रविवारी गाडी ठरवून दोन तासांवरच्या तलावाला गेलो. आणि तिथे माझं ठरलंच. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे हिरवंगार पाणी, काठावर मऊ गवत, ओळीने चारच तंबू. बाबा पँट दुमडून घोट्याभर पाण्यात उभे राहिले. मासे पायाला टोचायला लागले तसे ते खुदखुदायला लागले. मी तेवढ्या वेळात वीस फोटो काढले.

"बाबा, बुक करतेय हं!"

ते पँट सरळ करत पाण्याबाहेर आले. गाडीत बसल्यावर, बराच रस्ता गेल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "संडास वर रस्त्याला आहे. मी पायऱ्या मोजल्या. बासष्ट."

"मग? मी असेन ना. हात धरून नेईन."

"तेच नको आहे, बाळा. मला तंबूत झोपायचंय. रात्री त्यासाठी कोणाला उठवायचं नाहीये."

मला एकदम लाज वाटली. दोन आठवडे मी पाण्याचा रंग बघत होते आणि ते पायऱ्या मोजत होते. घरी आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. हॉलमध्ये काय वाईट होता?" तंबू पिशवीत गेला, पिशवी माळ्यावर.

बुधवारी मासळीवाली मावशी आली. ती उत्तनची, आमच्या बिल्डिंगला बारा वर्षं तिचीच पाटी. बोंबील साफ करता करता तिने विचारलं, "बाबा आज गप का?" मी सगळं सांगितलं. तिने कोयता थांबवला.

"आनि यासाठी तुमी एवढं फिरलात? माजी वाडी हाय ना! दर्या समोर हाय, मागं टेकडीवर झाडी हाय, तलाव पन हाय गावात. काय न्हाय ते सांग."

मी चाचरत विचारलं, "आणि ते... बाथरूम?"

"अंगनात. दहा पावलं. खुर्चीवानी बसायचं, माज्या सासूसाठी बांदलंय."

बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले. "शनिवारी?" त्यांनी थेट तिलाच विचारलं.

शनिवारी भाईंदर पश्चिमेहून बस पकडली. बाबांच्या मांडीवर तंबू होता आणि तो ते कोणाकडे द्यायला तयार नव्हते. उत्तनला उतरलो तर वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास आणि बांबूंच्या आडव्या दांड्यांवर ओळीने टांगलेले बोंबील. बाबांनी एका नजरेत जागा निवडली: वाडीच्या टोकाला, अगदी समुद्राकडे तोंड करून. मावशी म्हणाली, "तिथं नको, वारा हाय." पण बाबा कोणाचं ऐकतायत!

तंबू उभा केला. मी सामान आणायला वळले, एवढ्यात फडफड असा आवाज झाला. बघते तर तंबू उचलला जाऊन गडगडत निघालेला, सरळ बोंबलांच्या दिशेने. "अरे, अरे, अरे!" करत बाबा पळाले. पळाले! गुडघे विसरून, चप्पल टाकून. मी मागे, मावशी पदर खोचून माझ्या मागे. बोंबलांच्या हातभर अलीकडे बाबांनी झडप घालून त्याची दोरी धरली आणि तिथेच वाळूत बसले. मी धापा टाकत जवळ पोहोचले. मग दिसलं, की त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "आता माजं ऐका. कुत्री कुठं झोपलीत बघा. वारा न्हाय, ओल न्हाय, तिथंच ती झोपतात."

कुत्री दुरुस्तीला काढलेल्या एका जुन्या होडीच्या आडोशाला झोपली होती. त्यांना थोडं सरकवून आम्ही तिथे तंबू लावला, पिशव्यांत वाळू भरून चारही कोपऱ्यांवर ठेवली. संध्याकाळी मावशीच्या अंगणात तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण खाल्लं. साडेआठलाच बाबा आत जाऊन झोपले, आणि असे झोपले की घोरण्याने कुत्री उठून दुसरीकडे गेली.

सकाळी जाग आली तेव्हा सगळा तंबू आतून केशरी पेटला होता आणि बाबा शेजारी नव्हते. मी धडपडत बाहेर आले. ते अंगणातून परत येत होते, कोणाचा हात न धरता, एकटे.

"एकदा उठलो होतो," ते विजयाने म्हणाले. "तुला कळलं पण नाही."

रविवारभर आम्ही हिंडलो. टेकडीवर अर्ध्यापर्यंत चढलो, तलावाच्या पायरीवर बसलो, होड्या येताना बघितल्या. चार वाजता मी आवराआवर सुरू केली. सोमवारी मला ऑफिस होतं.

"तू जा," बाबा म्हणाले. "मी उद्या येतो. परवा येतो. मावशींना विचारलंय मी."

"एकटे?"

"एकटा कसला? ते बघ केवढी माणसं आहेत."

होडीच्या सावलीत तिघंचौघं म्हातारे जाळी शिवत बसले होते. मी पिशवी घेऊन निघाले आणि चार पावलांवर मागे वळून बघितलं, तर बाबा त्यांच्यात पाय लांब करून बसले होते, सुई डोळ्यांजवळ धरून दोरा ओवत होते. मी हात हलवला. त्यांचं लक्षच नव्हतं.