दोन बटनांची मानवंदना

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! तोंड उघडतच नाही, हाच तर माझा मूळ आजार. वर्गात हजेरीला मी 'हजर' म्हणते, पण ते सरांपर्यंत पोचत नाही. शाळेत बसूनही गैरहजर! आणि अशा मुलीचा आवाज अख्ख्या पांढुर्ण्याने ऐकला. तोही भोंग्यावरून!

झालं असं. पांढुर्ण्याचे सुखदेवकाकाजी स्वतः गाणी रचतात आणि खंजिरी वाजवत स्वतःच गातात. माझा दादा म्हणजे त्यांचा भक्तच. काकाजींच्या साठीला भेट म्हणून दादा आणि सौंसरच्या त्याच्या मित्रांनी त्यांचीच गाणी रॉक पद्धतीने गाऊन एक कॅसेट भरली. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, सगळा गोंधळ आमच्याच घरात!

"रॉक म्हंजे काय रे?" आईने विचारलं.

"जोरानं वाजवतेत, आई."

"मंग घरचे भांडे काय वाईट होते?"

टेपरेकॉर्डरला हात लावायची मला बंदी होती. पण बघायला बंदी कोण घालणार? मी रोज दाराआडून बघायची. दादा दर वेळी दोन बटनं एकदम दाबायचा, लाल आणि त्याच्या शेजारचं. झालं! टेप लावायची रीत मी शिकले.

साठीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादा बाहेर गेला. आईला आणि मला कुठला दम! मी कॅसेट घातली, दोन्ही बटनं एकदम दाबली. चाकं फिरू लागली. आवाज मात्र नाही.

"कानं बिघडले काय वं माहे?" आई म्हणाली.

"नाही वं. सुरुवातीले शांत असते. रॉक आहे."

आणखी थोडा वेळ शांतच.

"बेबी, तू बिघडवलं काहीतरी!"

"बरंच झालं. दादा गाते तं बागेतले माकडं पळतेत! संत्र्याच्या राखणीले त्यालेच ठेवाव."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आईपुढे माझी जीभ अशी सुटते, काय सांगू! "काकाजी कुठं असं ओरडतेत? ते असं गातेत," म्हणत मी त्यांचं कापसाचं गाणं अख्खं गाऊन दाखवलं.

तेवढ्यात फाटकाशी दादाचा आवाज! मी घाईघाईने कॅसेट सुरुवातीपर्यंत गुंडाळली आणि होती तिथे ठेवली. काम कसं नीटनेटकं!

दुसऱ्या दिवशी बुद्धविहाराच्या पटांगणात माणूस मावेना. काकाजी हार घालून समोर बसलेले. दादा माइकवर म्हणाला, "काकाजी, ही आम्हा पोरांची मानवंदना. पयलं गाणं कापसाचं!" आणि कॅसेट लावली. एकच बटन दाबून!

एकच?

भोंगा म्हणाला, "कानं बिघडले काय वं माहे?"

तेव्हा कळलं हो, लाल बटन कशाचं असतं ते! दादा ते दाबून कॅसेट लावत नव्हता, भरत होता. आणि मी त्याचं पहिलं गाणं पुसून आम्हा मायलेकींना भरलं होतं!

"रॉक आहे," भोंगा माझ्याच आवाजात म्हणाला. मग माकडं आली. मंडप हसून लोळला. दादाचे कान लालभडक. मी आईच्या पदराआड, आणि आई? ती माझ्याआड!

मग माझं गाणं सुरू झालं. मंडप हळूहळू गप्प झाला. काकाजी मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकत होते. संपल्यावर दादाकडे वळले.

"हेच काय रे तुमचं रॉक? मले वाटलं, लय धिंगाणा रायते. हे तं गोड आहे! कोणाची पोरगी व्हय ही? आणा तिले."

कसं नाही म्हणणार? आईनेच ढकललं. मी माइकपुढे उभी राहिले, तोंड उघडलं... शब्द नाही! चाकं फिरताहेत, आवाज नाही.

"गा नं, बाई," काकाजी म्हणाले.

खालून दादा ओरडला, "असं नाही गात बेबी, काकाजी! तिचे दोन बटनं संगंच दाबा लागतेत!"