डावा गाल

पाडव्याला ताईला मारले, भाऊबीजेला फोटो काढला. मारणारे माझे मेहुणे. खुणा पुसणारे आमच्या गावचे स्टुडिओवाले अण्णा. फोटोत मेहुणे खुर्चीवर आहेत, मागे ताई उभी आहे, आणि तिचा डावा गाल उजव्याहून गुळगुळीत आहे. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून अण्णांनी पाच बोटांचे वळ बुजवले. "घरात लागायचा फोटो आहे, वकीलसाहेब," ते मला म्हणाले. कायद्यात याला पुरावा नष्ट करणे म्हणतात. वर्षाच्या आत ताई अशाच मारात गेली. तेव्हापासून जुन्या फोटोंतल्या प्रत्येक नितळ गालाखाली मला पाच बोटे दिसतात. उद्या याच फोटोला हार घालून मेहुणे तिच्या नावाने 'आदर्श गृहिणी' पुरस्कार देणार आहेत. त्यांनी त्याच व्यासपीठावरून, सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे: त्या गालावर काय होते?